गाडीचं तोंड

आमच्या थोरल्या भावजींना कानानं दिसतं, असं कोल्हापूरच्या उद्यमनगरात लोक म्हणायचे. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालत्या इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग किती वेळ तसेच. बाजूला लेथ ओरडत असो की गिऱ्हाईक, त्यांची तंद्री मोडायची नाही. भजनात चांगला अभंग लागल्यावर माणसाचा चेहरा होतो ना, तसा व्हायचा त्यांचा. मी या घरची सून. त्यांना पहिल्यांदा तसं बघितलं तेव्हा मला वाटलं, माणूस उभ्याउभ्या झोपतो.

नाव केरबा. माझ्या मालकांचे थोरले भाऊ. पत्र्याच्या शेडमधलं लहान गॅरेज, अंगावर कायम तीच खाकी पँट, आणि नखांत काळं. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, "मस्कतला गेलतो तवा मुहूर्त गेला. आता दुसरा काढाय भटजी ऱ्हायला न्हाई." मस्कतला एका गॅरेजात ते काही वर्षं होते. आमच्या सासूबाई, धोंडुबाई, गेल्या त्या तेव्हाच. तार पोचून, सुट्टी मिळून, विमान मिळून भावजी घरी आले तोवर सगळं उरकलं होतं. त्यावर ते कधी बोलले नाहीत. परत मात्र गेले नाहीत.

देवाचं त्यांना फारसं नव्हतं. सकाळी माझी पूजा आटपली की मी तीर्थ घेऊन सोप्यात यायचे. भावजींचा एक पाय उंबऱ्याबाहेर, एक आत. तळहात पुढं करायचे, पळीभर तीर्थ घ्यायचे, ओला हात केसांवरून फिरवायचे आणि चालू पडायचे. जाताना ठरलेलं वाक्य, "अंजना, तुझा देव कधी बंद पडला तर सांग. बघून देतो."

मी म्हणायचे, "तुमच्या पान्ह्यानं बसायचा नाही तो."

नव्वदची दहा वर्षं सरत आली होती, तेव्हाच्या एका थंडीतली ही गोष्ट. साखर कारखान्याचं गळीत सुरू होतं. कसबा बावड्याकडं सकाळी गेलं की धुकं आणि मळीचा गोडसर आंबूस वास एकमेकांत मिसळलेले असत. रस्त्यावरच्या उसाच्या गाड्या दिसायच्या आधी त्यांच्या घुंगरांचा आवाज यायचा. तिथं बयाबाई म्हणून एक विधवा बाई राहायच्या. ऊस, चार म्हशी आणि एकुलता मुलगा विजयसिंह. मुलगा बोटीवर. मोठ्या मालवाहू बोटीवर इंजिनाचं काम करायचा. कोल्हापुरात समुद्र नाही, पण बयाबाई आभाळ भरून आलं की म्हणायच्या, "तिकडं लाटा आसतील."

या विजयसिंहानं सिंगापूरहून एक गाडी आणली होती. बुटकी, लांब नाकाची, पिकल्या जांभळाच्या रंगाची. तसली गाडी गावात दुसरी नव्हती. तो सुट्टीवर आला की चालवायचा, गेला की ती गोठ्याशेजारच्या छपरात उभी राहायची. बयाबाईंचे भाऊ आण्णा रविवारच्या रविवारी तिला थोडा वेळ चालू करायचे, घुर्र करून बंद. घुशी वायरी खातात म्हणून त्यांनी बॉनेटही कायम उघडंच ठेवलं होतं, काठी लावून.

एका सकाळी आण्णा सायकल मारत आमच्याकडं आले. चहाचा कप हातात घेतला तरी पिईनात.

"केरबा, गाडीनं दूध दिलं."

"गोठ्यात बांधल्यावर देणारच की," भावजी म्हणाले.

"आरं, चेष्टा न्हवं. तेलाचं झाकण काढलं, आत साय."

भावजींचं हसू गेलं.

संध्याकाळी परत आले तेव्हा जेवताना त्यांनी मला सगळं सांगितलं. मला त्यातलं काय कळणार, पण त्यांना कुणाला तरी सांगत सांगत विचार करायची सवय होती, आणि माझे मालक जेवताना पेपर वाचत.

"ही गाडी वेगळी हाय, अंजना. आपल्या गाड्यांत पिस्टन वर-खाली हुतो, उखळातल्या मुसळावानी. हिच्यात पिस्टनच न्हाई. पोटात एक तिकोनी लोखंड गोल फिरतंय."

"जात्यासारखं?"

"जात्यासारखं. आणि आकार म्हणशील तर," त्यांनी ताटातली घडीची पोळी उचलली. तव्यावर फुगली की तिच्या तिन्ही बाजू जशा गोलसर होतात, तशी ती होती. "ही बग. हीच."

तेव्हापासून त्या इंजिनाचा विचार करताना मला पोळीच दिसते.

मग त्यांनी सांगितलं की हे इंजिन डब्याच्या थरांसारखं एकावर एक रचून लांब बोल्टांनी आवळलेलं असतं. थरांच्या मधे रबराच्या बारीक रिंगा, कुकरच्या रिंगेसारख्या. एका बाजूला आग, एका बाजूला गार करणारं पाणी, एका बाजूला तेल. रिंग गेली की कोण कुणात मिसळेल सांगता येत नाही. तेलात पाणी घुसळलं गेलं की दुधाळ साय धरते, आणि तसल्या तेलावर इंजिन चाललं की आतून खाऊन टाकतं.

"मग रिंग बदलायची."

"रिंग बदलायची तर सगळं पोट फाडायचं. आणि फाडलं की जुन्या रिंगा परत बसत न्हाईत. नव्या जपानातनं. मुंबईच्या दुकानदाराला फोन केला, त्यो म्हणतोय ह्या गाडीचा माल आता येईल का न्हाई सांगता येत न्हाई. आणि उघडून ठेवली आणि माल आला न्हाई, तर..." त्यांनी पोळी ताटात ठेवली. खाल्ली नाही.

खरं ओझं वेगळंच होतं. विजयसिंह चैत्रात येणार होता. ज्योतिबाच्या यात्रेला गाडीतून आईला डोंगरावर न्यायचं त्यानं कबूल केलं होतं. बयाबाई त्या गाडीत अजून एकदाही बसल्या नव्हत्या. आण्णांनी बस म्हटलं की म्हणायच्या, "त्यो आल्याबिगर न्हाई." आणि आता भावजींना त्या गोठ्याच्या दारात गाठून म्हणाल्या होत्या, "केरबा, तेवढी गाडी जगीव बाबा. पोरगं त्या गाडीसाठी येतंय. गाडी गेली तर म्हातारीला बघाय कोण एवढ्या लांबनं येणार हाय?"

भावजी मला हे सांगताना ताटाकडंच बघत होते.

मग ते रोज सकाळी आधी बावड्याला जाऊ लागले. घाई कशाची केली नाही. पहिल्यांदा रेडिएटरचं झाकण काढून गाडी चालू केली आणि पाण्याकडं बघत बसले. रिंग फुटली असती तर आगीतला वायू पाण्यात शिरून बुडबुडे आले असते. आले नाहीत. गारठ्यात सकाळी चालू करून मागच्या नळीशी बसले. पाणी आगीत जात असतं तर पांढरा गोडसर धूर आला असता. तोही नाही. त्या गाडीचं तेल गार करायची जाळी वेगळी, पुढं वाऱ्यावर. तिथं पाणी जातच नाही. तेव्हा तीही वाट बंद. सगळं तेल काढून नवं भरलं. रेडिएटरात हिरवं कूलंट, म्हणजे तेच गार करणारं पाणी, भरून शेजारच्या बाटलीवर जिथवर आलं तिथं खूण केली. खुणेला काही मिळेना तर बयाबाईंच्याच देव्हाऱ्यातलं कुंकू बोटानं लावलं.

काही दिवसांनी झाकण उघडलं. परत साय. तेल मोजायच्या काडीवर तेलाची पातळी वर चढलेली. आणि कूलंट? कुंकवाला टेकून जिथल्या तिथं.

"पाणी वाढतंय," भावजी म्हणाले, "आणि कमी कुठंच हुईत न्हाई. आसं कसं?"

त्या रात्री त्यांनी आमटीत दूध ओतून घेतलं आणि तसंच खाल्लं.

मग त्यांना वाटलं, दव असावं. आण्णा गाडी जराशी चालवून बंद करतात, इंजिन नीट तापतच नाही, आतली वाफ झाकणाखाली गार होऊन बसते. थंडीत होतं तसं. "लांब पळवून आणू. चल, तू पण चल. मागं वजन लागतंय."

"माझं वजन काढू नका," मी म्हटलं, पण पदर खोचून निघाले.

रत्नागिरी रस्त्यानं मलकापूरपर्यंत गेलो आम्ही. इतकी वर्षं झाली, अजून ते जाणं मला पूर्ण आठवत नाही आणि विसरतही नाही. धुकं इतकं होतं की रस्ता आमच्यापुढं थोडाथोडा तयार होत होता. झाडं यायची आणि विरघळायची. गाडीला ना खडखड ना धडधड. नुसता एक सूर. माहेरी पहाटे आई दळायला बसली की अंथरुणात मला जात्याची घरघर ऐकू यायची, आणि ओवीचे शब्द कळायच्या आधी पुन्हा झोप लागायची. तो सूर. मला वाटलं, आपण चाललो नाही, गाडी एका जागी उभी आहे आणि सगळा शाहूवाडी तालुका आमच्याभोवती सावकाश फिरतोय. भावजींनी चालवता चालवता क्षणभर डोळे मिटले.

"भावजी! रस्ता!"

"हाय की. ऐकाय येतंय."

मलकापुरात थांबून झाकण उघडलं. स्वच्छ. तेल मधासारखं. भावजींनी मला भजी खायला घातली, स्वतः तीन कप चहा प्याले. परतताना धुकं उठलं होतं आणि उन्हात सगळं ओलं चमकत होतं. त्या दिवशी माझ्या रोजनिशीच्या वहीत मी एवढंच लिहिलंय: 'देवीच्या कृपेनं गाडी बरी झाली. भजी गरम होती.'

आठवड्याभरात परत दूध.

दव एवढं वाढत नाही, पातळी चढवत नाही. म्हणजे आत कुठंतरी फट आहे आणि ती आपल्याला फसवतेय, असं त्यांनी धरलं. उघडायचं ठरलं. आण्णांनी इंजिन उचलायला छपराच्या तुळईला चेन-पुली टांगली. बयाबाई गोठ्यात म्हशीच्या अंगाला टेकून उभ्या होत्या, आणि त्या पुलीकडं बघत होत्या.

त्या दिवशी शुक्रवार. अंबाबाईचं दर्शन करून मी भावजींचा डबा घेऊन तशीच बावड्याला गेले. त्यांनी वरवरच्या वस्तू काढायला घेतल्या होत्या. तेल ओतायची उभी नळी सोडवून उजेडात धरली होती आणि आत बघत होते. मग करंगळी घालून काहीतरी काढलं.

"अंजना, ह्ये कसलं पान गं?"

बोटाएवढं काळं, तेलकट, चिकट काहीतरी. मी ते रॉकेलच्या वाटीत बुडवून पदराच्या टोकानं पुसलं. कडेला बारीक दाते दिसले.

"तुळस."

"तुळस हितं कशी?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि थांबले. कारण तेवढ्यात मला आमच्या सासूबाई दिसल्या. खऱ्याच दिसल्या, आमच्या घराच्या उंबऱ्याशी वाकलेल्या. भावजी मस्कतला असताना त्या रोज सगळ्यांना तीर्थ वाटून झालं की एक पळी उंबऱ्याच्या उजव्या अंगाला ओतायच्या. मी नवी होते, विचारलं होतं एकदा. म्हणाल्या, "केरबाचं. त्येचा हात लांब हाय, तवर उंबऱ्याला देतो." आमच्याकडं बायकाही 'देतो'च म्हणतात.

हे मी भावजींना कधी सांगितलं नव्हतं. सांगायचं असतं हेच सुचलं नव्हतं. तिथं, त्या छपरात, हातात तुळशीचं पान घेऊन सांगितलं.

भावजी नळी मांडीवर ठेवून बसून राहिले. बाहेर म्हैस रवंथ करत होती, तेवढाच आवाज.

"उजव्या अंगाला?" त्यांनी विचारलं.

"हं."

त्यांनी उठून नळी पुन्हा बसवली, झाकण लावलं, आणि मला खुणेनं गवताच्या गंजीमागं बोलावलं. बयाबाईंची पूजा उरकायची वेळ होतीच. थोड्या वेळानं त्या आल्या. नेसलेलं सोवळं, हातात पंचपात्री. त्यांना वाटलं आम्ही रस्त्यावर चहाला गेलोय. काठीनं वर धरलेल्या बॉनेटखाली वाकल्या, सराईत हातानं झाकण फिरवून काढलं, आणि लहान मुलाला औषध पाजताना करतात तसं स्वतःचंच तोंड उघडून म्हणाल्या, "विजू, आ कर."

पळी ओतली. आज शुक्रवार, म्हणून मग पंचपात्रीतलं उरलेलंही ओतलं. झाकण लावलं, पदरानं त्याच्यावरचा थेंब पुसला.

मला भीती वाटली, कारण भावजींना इंजिनाशी केलेला खेळ खपायचा नाही. एकदा कुणी तेलात भेसळ केली म्हणून त्यांनी त्या माणसाला गॅरेजातून पान्हा घेऊन हाकललं होतं.

ते गंजीमागून निघाले. "मावशी."

बयाबाई दचकल्या. "आगं बाई, तुमी हितंच हाय व्हय?"

"तीर्थ देताय गाडीला?"

"गाडीला कशाला? विजूला. त्येची गाडी हाय, त्येनं हात लावलेली. त्येनंच दाखीवलंतं मला, आई, ह्ये हिचं तोंड, हितनं हिला खायाला द्यायचं." मग त्यांचा आवाज जरा कडक झाला. "चुकलं काय?"

भावजींनी कान खाजवला.

"न्हाई, चुकलं न्हाई. त्यो बरोबर बोलला. पण ह्ये जेवायचं तोंड हाय. प्यायचं तोंड निराळं."

"दोन तोंडं?"

"आपली गाय न्हवं ही, मावशी. परदेशी हाय. त्यांच्यात जेवाण निराळं, पाणी निराळं." त्यांनी कोपऱ्यातली पांढरी बाटली दाखवली, वायपरच्या पाण्याची. झाकण उघडून दिलं. "पाणी हितनं पाजायचं. लागंल तेवढं पाजा. पर तुळस गाळून."

"तुळशीबिगर तीर्थ कसलं रं?"

"पान तुमी खावा. पाणी त्याला द्या."

बयाबाईंनी बाटलीत वाकून बघितलं. "ह्येला तर चांगली मोठी जागा हाय," त्या समाधानानं म्हणाल्या. "त्यात मेलं एक पळी जाईना धड."

चेन-पुली खाली उतरली. आण्णांनी विचारलं, झालं काय होतं? भावजी म्हणाले, "दव." तेल बदललं, गाडी पुन्हा मलकापुराकडं पळवून आणली, आणि कुंकवाच्या खुणेशी कूलंट जिथल्या तिथं राहिलं. दूध परत आलं नाही. बयाबाईंना आपण काय करत होतो ते कधीच कळलं नाही. चार दिवसांनी आण्णांनी मला विचारलं, एवढं दव पडलं तरी कुठून? मी देवाचं नाव घेऊन खोटं बोलत नाही, म्हणून म्हटलं, "वरून."

चैत्रात विजयसिंह आला. उन्हानं रापलेला, चालताना अजून पायाखाली बोट असल्यासारखा. त्यानं आम्हालाही गाडीत घातलं. पुढं बयाबाई, मागं मी आणि भावजी गुडघे छातीशी घेऊन, कारण त्या गाडीची मागची सीट माणसांसाठी नसावीच. डोंगराच्या वळणांवर गुलाल उडत होता. चांगभलं, चांगभलं, आणि काचेवर गुलाबी ढग. एका वळणावर तर पुढचं काहीच दिसेना. आम्ही जणू गुलालाच्या आतून चाललो होतो. विजयसिंहानं बटण दाबलं. काचेवर दोन धारा उडाल्या, वायपर फिरले, गुलालातून एक कमान उघडली आणि तिच्यात डोंगर, देवळाची शिखरं, निळं आभाळ.

बयाबाईंनी हात जोडले. "बग, पितंय की."

"काय पितंय?"

"काय न्हाई. तू चालीव." मग जरा वेळानं, काचेकडं बघतच, "गाडी हाय म्हणून आलास ना?"

विजयसिंह हसला. "आगं, गाडी नसती तर यष्टीनं आणलं असतं तुला. गाडी तुझ्यासाठी घेतलीया. मी बोटीवर, मला कशाला पायजे गाडी? तू बसत न्हाईस म्हणून तर दर बारीला यावं लागतंय."

"वाकडं बोलतंय मेलं," बयाबाई म्हणाल्या आणि खिडकीकडं तोंड फिरवलं. मागून मला त्यांचा नुसता कान दिसत होता, गुलालानं भरलेला, आणि तो थरथरत होता.

भावजींनी डोळे मिटले होते. इंजिन ऐकत असावेत.

या गोष्टीला आता सात-आठ वर्षं झाली. बयाबाई थकल्यात, पण बाटली भरतात. पान गाळायचं मधूनच विसरतात आणि मग काचेवर एकाच बाजूनं पाणी येतं. भावजी टाचणी घेऊन बावड्याला जातात. त्यांच्या स्वतःच्या कानाला हल्ली कमी येतं. माझ्या हातचं तीर्थ अजून दारातच घेतात, एक पाय आत, एक बाहेर. फक्त आता निघताना उंबऱ्याच्या उजव्या अंगाला पाय पडू देत नाहीत. डाव्या बाजूनं जातात. पावसात तिकडं चिखल असला तरी.

काल मी त्यांना म्हटलं, "भावजी, आता तरी खरं सांगा आण्णांना. एवढं दव असतं होय कुठं?"

त्यांनी तळहात केसांवरून फिरवला.

"दवच हुतं की," म्हणाले, आणि डाव्या अंगानं बाहेर पडले.